गोमांस की हॅम-बेकन? आधी पाणी आणि मीठ मोजा

पोषणमूल्यांचा कुठलाही तक्ता उघडा, वरच्या ओळीत ‘दर १०० ग्रॅममागे’ असं छापलेलं असतं. आपण ती ओळ वाचतो आणि लगेच विसरतो. मग नजर आकड्यांवरून फिरते. कुरकुरीत तळलेल्या बेकनमध्ये प्रथिनं ३५ ग्रॅमच्या वर, शिजवलेल्या कमी चरबीच्या गोमांसात २७-२८ ग्रॅम. चला, बेकन जास्त पौष्टिक, असा निकाल लावून आपण मोकळे होतो. तक्त्यातला आकडा बरोबर असतो, त्यावरून काढलेला निकाल मात्र साफ चुकलेला असतो.

चूक कुठे होते ते कळायला तक्ता बाजूला ठेवा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. बेकन म्हणजे बहुतेक ठिकाणी डुकराच्या पोटाकडचं मांस, मीठ लावून मुरवलेलं आणि बरेचदा धुरी दिलेलं. त्याच्या कच्च्या पट्ट्या १०० ग्रॅम भरतील एवढ्या काट्यावर ठेवा. त्यात ढोबळमानाने ४० ग्रॅम पाणी असतं, ४० ग्रॅम चरबी, बाराएक ग्रॅम प्रथिनं आणि दोनेक ग्रॅम मीठ. आता त्या थंड पॅनमध्ये टाकून मंद आचेवर ठेवा. आधी चुरचुर आवाज येतो, तो पाण्याचा. पट्ट्या आक्रसतात, कडा वळतात, पॅनमध्ये चरबीचं तळं साचतं. आवाज हळूहळू मंदावतो, कारण पाणी संपत आलेलं असतं. पट्ट्या कागदावर निथळून पुन्हा काट्यावर ठेवल्या की वजन भरतं ३०-३५ ग्रॅम.

पाणी जवळपास सगळं उडालं. चरबीतली निम्म्याहून जास्त पॅनमध्ये राहिली. प्रथिनं मात्र होती तिथेच आहेत, तीच बारा ग्रॅम. मीठही बहुतांश तिथेच. म्हणजे प्रथिनं वाढली नाहीत, भोवतालचा पसारा कमी झाला. तक्त्यातले ते १०० ग्रॅम तळलेलं बेकन मिळवायला तीनशे ग्रॅम कच्चं बेकन तळावं लागतं. आठ-आठ ग्रॅमच्या बारा पट्ट्या! न्याहारीला माणूस दोन-तीन खातो. तीन पट्ट्यांत प्रथिनं आठ-नऊ ग्रॅम, चरबी दहाएक ग्रॅम आणि सोडियम, म्हणजे मिठातला एक घटक, ४०० ते ५५० मिलिग्रॅम. हा खरा हिशेब.

हॅमच्या बाबतीत खेळ बरोबर उलटा होतो. हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, मुरवलेली. पूर्वी ती मिठात आठवडेच्या आठवडे पुरून ठेवत. आता कारखान्यात बारीक सुयांच्या रांगेने मिठाचं पाणी थेट मांसात टोचतात आणि मग ते मांस मोठ्या फिरत्या पिंपात घुसळतात, म्हणजे पाणी आत जिरून बसतं. त्यामुळे कामाचे आठवडे वाचतात आणि वजनही वाढतं. पाणी मांसाच्या भावात विकलं जातं, असं म्हटलं तर फारसं वावगं होणार नाही. अमेरिकेत यावर सरकारला पायऱ्या ठरवून द्याव्या लागल्या. चरबी वगळून उरलेल्या भागात किमान २०.५ टक्के प्रथिनं असतील तरच पाकिटावर नुसतं ‘हॅम’ लिहिता येतं. १८.५ टक्क्यांपर्यंत उतरलं तर ‘नैसर्गिक रसासह हॅम’, १७ टक्क्यांपर्यंत ‘पाणी घातलेलं हॅम’ आणि त्याच्याही खाली गेलं की ‘हॅम आणि पाणी यांचं उत्पादन’. हे शेवटचं नाव वाचून तरी माणूस दोन क्षण थांबेल.

तर पाणी हा पहिला घोळ. तो टाळायचा सोपा उपाय म्हणजे वजन समान न धरता प्रथिनं समान धरायची. समजा एका जेवणातून २५ ग्रॅम प्रथिनं हवी आहेत. कमी चरबीचं शिजवलेलं गोमांस साधारण ९० ग्रॅम लागेल, त्यातून १७० कॅलरी येतील आणि सोडियम ५०-६० मिलिग्रॅम. कमी चरबीचं हॅम १२० ग्रॅम लागेल, कॅलरी जवळपास तेवढ्याच, १७५ च्या आसपास. पण सोडियम थेट १४०० मिलिग्रॅमच्या घरात. तळलेलं बेकन ७० ग्रॅम लागेल, म्हणजे आठ-नऊ पट्ट्या. कॅलरी साडेतीनशेच्या पुढे, सोडियम १२०० ते १६०० मिलिग्रॅम.

या तीन ओळींत बरंच काही दडलेलं आहे. गोमांस आणि चांगलं हॅम यांच्यात प्रथिनांच्या किंवा कॅलरींच्या बाबतीत भांडण्यासारखं काही नाही. दोन्हींची प्रथिनं उत्तम दर्जाची, शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं असलेली. बेकन या स्पर्धेतच नाही. त्याला प्रथिनांचा स्रोत म्हणणं म्हणजे लोण्याला दुधाचा पदार्थ म्हणून पेल्याने पिण्यासारखं आहे. आणि फरक पडतो तो सोडियमच्या रकान्यात, तोही थोडाथोडका नाही, वीस-पंचवीस पट.

सोडियमकडे वळण्याआधी खनिजं आणि जीवनसत्त्वं उरकून घेऊ, कारण या एका बाबतीत प्राणी कोणता याला खरंच महत्त्व आहे.

गोमांस गडद लाल दिसतं, डुकराचं मांस फिकट गुलाबी. हा रंग रक्ताचा असतो असा एक समज आहे. तो मायोग्लोबिनचा असतो. स्नायूंमध्ये प्राणवायू साठवून ठेवणारं हे प्रथिन, आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू बसलेला असतो. गाय-बैलाच्या स्नायूंत मायोग्लोबिन डुकरापेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून रंग गडद आणि म्हणून लोहही जास्त. १०० ग्रॅम शिजवलेल्या गोमांसात अडीच-तीन मिलिग्रॅम लोह, तेवढ्याच हॅममध्ये दीड मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय मांसातल्या लोहाचा मोठा भाग ‘हीम’ प्रकारचा असतो. तो वनस्पतींतल्या लोहापेक्षा शरीरात सहज शोषला जातो, साधारण १५ ते ३५ टक्के. ज्यांचं हिमोग्लोबिन खाली गेलेलं असतं त्यांच्या दृष्टीने हा फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे.

जस्ताचंही तेच. गोमांसात १०० ग्रॅमला पाच-सहा मिलिग्रॅम, हॅममध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. प्रौढ माणसाची रोजची गरज आठ ते अकरा मिलिग्रॅम, म्हणजे गोमांसाच्या एका मध्यम तुकड्यात निम्मा कोटा भरतो. बी-१२ मध्ये गोमांस आणखी पुढे आहे. दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम लागतं, तेवढं १०० ग्रॅममध्ये जवळपास मिळून जातं. हॅममध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच.

इथवर गोमांस एकतर्फी जिंकतंय असं वाटेल. पण बी-१ म्हणजे थायमिनपाशी चित्र फिरतं. पिष्टमय पदार्थांपासून ऊर्जा काढायला हे जीवनसत्त्व लागतं. ते फार कमी पडलं की बेरीबेरी होतो. डुकराचं मांस हा थायमिनचा सर्वांत चांगल्या स्रोतांपैकी एक आहे आणि मीठ लावून मुरवल्यावरही त्यातलं बरंचसं टिकून राहतं. १०० ग्रॅम हॅममध्ये ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे रोजच्या १.२ मिलिग्रॅमच्या गरजेतलं निम्म्याहून जास्त. गोमांसात ०.१ मिलिग्रॅमही मुश्किलीने. सात-आठ पटींचा हा फरक आहे. ‘डुकराचं मांस म्हणजे निकस’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हा आकडा क्वचितच येतो. सेलेनियम आणि नायसिन दोघांतही भरपूर आहे, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

चरबीबद्दल मात्र एक गैरसमज दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवलेला दिसतो. एक म्हणतो गोमांस जड, दुसरा म्हणतो डुक्कर म्हणजे नुसती चरबी. प्राण्यापेक्षा तुकडा कुठला हे आधी बघायला हवं. गोमांसाच्या खिम्याची उदाहरणं घ्या. ९०-१० (९० टक्के मांस, १० टक्के चरबी) म्हणून विकला जाणारा खिमा कच्चा असताना १०० ग्रॅमला १७६ कॅलरींचा असतो, ८०-२० चा २५४ कॅलरींचा. प्राणी तोच, फरक जवळजवळ दीडपट. तिकडे डुकराच्या कण्यालगतचा ताजा मऊ तुकडा, ज्याला टेंडरलॉइन म्हणतात, त्यात कच्च्या १०० ग्रॅमला चरबी जेमतेम दोन-तीन ग्रॅम आणि कॅलरी एकशे दहाच्या आसपास. तो गोमांसाच्या या दोन्ही खिम्यांहून हलका. आणि त्याच डुकराचं पोट म्हणजे बेकन.

चरबीचा प्रकार बघितला तर डुकराची बाजू थोडी सरस आहे, आणि हे लोकांना खरं वाटत नाही. गाय-बैलाच्या चरबीत संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी, चरबी निम्म्याच्या आसपास असते, डुकराच्या चरबीत ४० टक्क्यांच्या आसपास. डुकराच्या चरबीतला सर्वांत मोठा वाटा ऑलिक आम्लाचा असतो, जे ऑलिव्हच्या तेलातही मुख्य असतं. फरक हाताला जाणवतो. गोमांसाची चरबी थंड झाली की मेणासारखी कडक गोळा होते, डुकराची मऊ राहते, बोटाने उचलता येते. अर्थात याचा आधार घेऊन कोणी बेकन हृदयाला चांगलं असं म्हणू लागला तर त्याला वाटेतच थांबवा. चाळीस टक्के संपृक्त चरबी हे प्रमाण काही कमी नाही, आणि बेकनमध्ये ती चरबी असतेच भरपूर.

आता मीठ. माझ्या मते सगळी तुलना इथे येऊन ठरते.

ताज्या मांसात, मग ते कुठल्याही प्राण्याचं असो, १०० ग्रॅमला ५०-७० मिलिग्रॅम सोडियम नैसर्गिकरीत्या असतं. मुरवलेल्या मांसात ते हजाराच्या पुढे जातं. सपक वाटणाऱ्या मऊ हॅममध्ये १२०० ते १५००, हवेत वाळवलेल्या कच्च्या हॅममध्ये २००० च्याही वर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, एका सपाट चमच्याहून थोडं कमीच. हॅमचे चार काप घातलेलं सँडविच खाल्लं की त्यातला मोठा भाग संपतो. आणि अजून पाव, चीज, लोणचं, सॉस यांचं मीठ मोजायचंच आहे.

लेबल वाचताना इथे एक गफलत होते. काही देशांत पाकिटावर सोडियम छापतात, युरोपात मीठ छापतात. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं. १२०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे तीन ग्रॅम मीठ. दोन पाकिटं शेजारी धरून एकावरचा १.२ आणि दुसऱ्यावरचा ३ हे आकडे बघितले, तर पहिलं निम्म्याहून कमी खारट आहे असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्हींत मीठ सारखंच.

कोणी म्हणेल, गोमांस काय आपण अळणी खातो? नाही खात. पाव चमचा मीठ घातलं तरी ६०० मिलिग्रॅम सोडियम झालं, हा आक्षेप अगदी रास्त आहे. पण ते मीठ तुमच्या हातात असतं. पाव चमच्याचं चिमूटभर करता येतं. हॅममधलं मीठ तुमच्या ताटात येण्याआधीच आत जिरलेलं असतं, त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. रक्तदाब असलेल्याला किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे मीठ तोडायला सांगितलेल्याला या एका गोष्टीवरच निवड करावी लागते, बाकी लोह-जस्त नंतर.

मग एवढं मीठ घालायचंच कशाला? चवीसाठी नव्हे, निदान मुळात तरी नव्हे. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं आणि उरलेलं पाणी जिवाणूंच्या कामाचं राहत नाही. फ्रिज नसलेल्या काळात हिवाळ्यात कापलेलं जनावर उन्हाळ्यापर्यंत खायला पुरवायचं तर दुसरा इलाज नव्हता. पण एकट्या मिठाला एक शत्रू जरा भारी पडायचा. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल या गावी एका अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं हॅम खाल्लं. पुढच्या काही दिवसांत कोणाला दुहेरी दिसू लागलं, कोणाला घोट गिळता येईना, आणि तिघं दगावले. गेंट विद्यापीठातले प्राध्यापक एमिल व्हॅन एर्मेन्गेम यांनी त्या उरलेल्या हॅमची तपासणी केली आणि त्यातून हवेविना वाढणारा एक जिवाणू शोधून काढला. त्याचं आजचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याच्या विषबाधेचं नाव बोट्युलिझम, लॅटिनमधल्या ‘सॉसेज’ या शब्दावरून, कारण असल्या विषबाधा त्याआधी सॉसेज खाऊन झालेल्या दिसल्या होत्या.

या जिवाणूला आवरणारी गोष्ट मांस मुरवणाऱ्यांच्या हाती योगायोगाने फार आधीच लागली होती. मिठात सोरा मिसळला की मांस गुलाबी राहतं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तोच जो दारूगोळ्यात वापरतात. १८९१ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ एडुआर्ड पोलेन्स्के यांनी दाखवलं की मुरवताना या नायट्रेटचं नायट्राइट होतं. १९०१ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियातज्ज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी रंगाचं कोडं सोडवलं. नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, तो मायोग्लोबिनमधल्या लोहाला चिकटून बसतो, आणि मग मांस शिजवलं तरी ते तपकिरी न होता गुलाबीच राहतं. म्हणून शिजलेलं गोमांस तपकिरी आणि शिजलेलं हॅम गुलाबी. वर मी रंगावरून लोह ओळखायला सांगितलं, ते ताज्या मांसापुरतं. हॅमचा गुलाबीपणा रसायनाची करामत आहे, त्यावरून पोषणाचा अंदाज बांधू नका.

आज कारखान्यांत सोऱ्याऐवजी थेट सोडियम नायट्राइट वापरतात, लेबलवर ते ई-२५० या नावाने दिसतं. प्रमाण अगदी बारीक, किलोमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात. बोट्युलिझमपासून ते खरोखर वाचवतं. अडचण दुसरीकडे आहे. प्रथिनांच्या विघटनातून आलेली अमाइन्स आणि नायट्राइट एकत्र आले, त्यात कडक उष्णता मिळाली, की नायट्रोसामाइन्स तयार होऊ शकतात, आणि यातली कित्येक कर्करोगकारक आहेत. बेकन पातळ आणि कडक तळलेलं असतं, त्यामुळे संशय पहिल्यांदा त्याच्यावर गेला. अमेरिकेत १९७० च्या दशकात बेकनमधल्या नायट्राइटवर मर्यादा आली आणि त्याच्याबरोबर दुसरी एक अट घातली गेली: सोबत एस्कॉर्बेट किंवा एरिथॉर्बेट घालायचंच, म्हणजे क जीवनसत्त्व किंवा त्याचा जुळा भाऊ. तो नायट्रोसामाइन्स तयार होण्याच्या आड येतो. पॅनमध्ये बेकन काळंकुट्ट करू नका असं सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग पालक-बीटमध्येही नायट्रेट भरपूर असतंच की, असा प्रश्न हमखास येतो. असतं, आणि आपल्या आहारातलं बहुतेक नायट्रेट भाज्यांतूनच येतं. पण भाजीबरोबर क जीवनसत्त्व आणि इतर रक्षक घटकही पोटात जातात, आणि भाजीत हीम लोह नसतं. मांसात नेमकं उलट, अमाइन्सही आहेत आणि हीम लोहही. सेलरी या भाजीच्या भुकटीने मुरवलेलं बेकन ‘नायट्राइट न घातलेलं’ म्हणून विकतात, तो मात्र निव्वळ शब्दांचा खेळ आहे. सेलरीत नायट्रेट ठासून भरलेलं असतं, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि मांसाच्या दृष्टीने नायट्राइट ते नायट्राइट. इटलीतलं पार्माचं हॅम वेगळं. त्यात खरोखरच मांस आणि मीठ याखेरीज काही नसतं, ते वर्षाहून अधिक काळ टांगून वाळवतात, तरी ते लालसरच असतं. तिथे रंगाचं कारण असं की मायोग्लोबिनमधल्या लोहाची जागा हळूहळू जस्त घेतं. नायट्राइट नसलं तरी मीठ आहेच, आणि भरपूर आहे.

कर्करोगाचा विषय निघाला की २०१५ ची बातमी निघतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने त्या ऑक्टोबरमध्ये प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये टाकलं आणि लाल मांस गट २-अ मध्ये. गट १ मध्ये तंबाखूही आहे, त्यामुळे ‘बेकन सिगारेटइतकं घातक’ असे मथळे झळकले. ते चुकीचे होते. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. गट १ म्हणजे ‘यामुळे माणसाला कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे’, एवढंच. धोका किती, ते वेगळं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा अंदाज तिथे दिला आहे. समजा शंभरातल्या पाच जणांना तो आयुष्यात कधीतरी होणार असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे पाचाचे साधारण सहा. पाचाचे तेवीस नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वेळी दिलेले आकडेही पाहा: प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिसेवनाशी जोडले जाणारे कर्करोगाचे मृत्यू जगभरात वर्षाला ३४ हजार, तंबाखूचे दहा लाख.

पण यातून गोमांस निर्दोष सुटतं असंही नाही. लाल मांसात गोमांस येतं, तसंच ताजं डुकराचं मांसही येतं, जाहिराती त्याला कितीही ‘पांढरं’ म्हणोत. गट २-अ म्हणजे बहुधा कर्करोगकारक, पुरावा पहिल्या गटाइतका पक्का नाही. हृदयविकाराच्या बाबतीत २०१० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांची एकत्र मांडणी केली, तेव्हा रोजच्या ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसाबरोबर हृदयविकाराचा धोका ४२ टक्के जास्त दिसला. प्रक्रिया न केलेल्या लाल मांसाबरोबर तसा संबंध दिसला नाही. गंमत अशी की दोन्हींत संपृक्त चरबी जवळपास सारखी होती. वेगळं होतं ते मीठ, चौपट, आणि नायट्रेटसारखी परिरक्षकं, दीडपट. असे अभ्यास नातं दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. तरी बोट कुठे जातं ते दिसतंच.

प्राण्यापेक्षा प्रक्रियेला दोष द्यावा असं मला वाटतं, त्याची पडताळणी घरबसल्या करता येते. दोघांच्या जागा बदला. गोमांस मुरवा, म्हणजे कॉर्न्ड बीफ. इथल्या ‘कॉर्न’चा मक्याशी काही संबंध नाही, तो जाड्या मिठाच्या दाण्यांचा उल्लेख आहे. शिजवलेल्या कॉर्न्ड बीफमध्ये १०० ग्रॅमला सोडियम हजाराच्या घरात जातं, म्हणजे हॅमच्या शेजारी जाऊन बसतं, आणि आयएआरसीच्या यादीतही ते प्रक्रिया केलेल्या मांसातच मोडतं. उलट डुकराचं मांस ताजंच शिजवा. सोडियम साठ-सत्तरवर येतं, थायमिन तसंच राहतं, चरबी तुकडा निवडाल तशी. म्हणजे ‘गोमांस की खारवलेलं डुक्कर’ हा प्रश्नच थोडा वाकडा विचारलेला आहे. एका बाजूला ताजं, दुसऱ्या बाजूला मुरवलेलं ठेवून आपण प्राण्यांची तुलना करतोय असं समजतो.

रोजच्या जेवणात प्रथिनं, लोह, जस्त, बी-१२ यांसाठी मांस खायचं असेल तर कमी चरबीचं ताजं गोमांस मुरवलेल्या डुकराहून सरस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हॅमला मी अधूनमधून चालणाऱ्या पदार्थांत धरेन. आणि बेकनला मांसाच्या रकान्यातून काढून मसाल्याच्या रकान्यात टाकेन. एक पट्टी बारीक चिरून डाळीच्या सूपमध्ये किंवा कोबीत परतली की चार माणसांच्या जेवणाला धुरकट खारट चव येते, आणि माणशी वाटा येतो दोन ग्रॅमचा. मग वरून मीठ घालायचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

जुन्या पद्धतीचं कडक खारवलेलं हॅम आणलं असेल तर ते शिजवण्याआधी थंड पाण्यात रात्रभर, फ्रिजमध्ये, भिजत ठेवतात. मध्ये एक-दोनदा पाणी बदलतात. सकाळी त्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून बघा, समुद्राचं वाटेल. तेवढं मीठ तुमच्या पोटात जायचं वाचलं. पण थायमिनही पाण्यातच विरघळतं. डुकराच्या मांसात जी एक गोष्ट गोमांसाहून खरोखर चांगली होती, तिचाही थोडा भाग त्या पाण्याबरोबर मोरीत जातो.